वारस: रोमानोव्ह घराणं एका दिवसात कसं संपलं

२ मार्च १९१७, रात्री दहाचा सुमार. प्स्कोव्ह स्टेशनात झारची खास गाडी आदल्या संध्याकाळपासून उभी आहे. राजधानी पेत्रोग्राडहून (आजचं पीटर्सबर्ग) दुमाच्या, म्हणजे रशियन संसदेच्या, वतीने आलेले दोन प्रतिनिधी, गुचकोव्ह आणि शुल्गिन, सलूनच्या डब्यात शिरतात. भिंतींना हिरवट रेशीम, मधे एक लहानसं चौकोनी टेबल. दोघांच्या दाढ्या वाढलेल्या, कपडे चुरगळलेले, आणि शुल्गिनला अशाही वेळी त्याची लाज वाटतेय. समोर झार निकोलस दुसरा करड्या कॉसॅक अंगरख्यात शांत बसलाय. गुचकोव्ह खाली बघत बराच वेळ बोलतो: राजधानी हातची गेली, पलटणी फुटल्या, आता राजेसाहेबांनी मुलासाठी गादी सोडावी.

झार ऐकून घेतो. मग म्हणतो, गादी मुलासाठी सोडायची हे मी दुपारीच ठरवलं होतं. पण आता विचार बदललाय. मुलाला माझ्यापासून तोडणं मला जमायचं नाही. गादी भावाला, मिखाईलला द्यावी. बापाचं मन तुम्ही समजून घ्याल.

दोघं चपापले. बारा वर्षांचा राजा आणि त्याच्या वतीने कारभार बघणारा काका, अशी मांडणी डोक्यात घेऊन ते आले होते. पण वाद घालायला ना वेळ होता ना हिंमत. टाइप केलेल्या कागदावर झारने पेन्सिलीने सही केली. घड्याळात रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं झाली होती, कागदावर मात्र दुपारचे ३ वाजून ५ मिनिटं घातली, म्हणजे प्रतिनिधींच्या दडपणाखाली सही झाली असं कुणी म्हणायला नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिखाईलनेही नकाराच्या कागदावर सही केली. १६१३ पासून चाललेलं घराणं संपलं.

(१९१७ पर्यंतच्या तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या आहेत. १९१७ साठी त्यात १३ दिवस मिळवले की आपली तारीख मिळते. म्हणून ‘फेब्रुवारी क्रांती’ आपल्या हिशोबाने मार्चात येते.)

रोमानोव्ह का बुडाले याची उत्तरं शाळेपासून ठरलेली आहेत: युद्ध, भाकरीची टंचाई, जमिनीचा प्रश्न, रास्पुतिन. ती चूक नाहीत. पण राज्य खिळखिळं होणं वेगळं आणि गादी एका दिवसात रिकामी होणं वेगळं. युद्ध हरलेले, भुकेने पेटलेल्या शहरांचे राजे वारस पुढे करून वाचल्याची उदाहरणं आहेत. इथे ते का झालं नाही? माझ्या मते या घराण्याच्या सगळ्या इतिहासाला एकच प्रश्न चिकटलेला आहे: यानंतर कोण? त्याच प्रश्नाने त्यांना वर आणलं आणि त्यानेच शेवटी गाठलं.

पोरगं निवडलं कारण त्याच्यावर कुणाचा राग नव्हता

रोमानोव्ह मुळात राजे नव्हेत. मॉस्कोच्या दरबारातलं एक सरदार घराणं. त्यातली अनास्तासिया १५४७ मध्ये इव्हान चौथ्याला, म्हणजे पुढे ‘भयंकर’ म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या झारला, दिली आणि त्यांचं नशीब उघडलं. इव्हानचा मुलगा फ्योदोर १५९८ मध्ये निपुत्रिक गेला आणि जुना रुरिक वंश संपला. मग पंधरा वर्षं अनागोंदी. बोरिस गोदुनोव्ह गादीवर आला. मेलेला राजपुत्र दिमित्री आपणच असं सांगणारा एक तोतया पोलिश मदतीने मॉस्कोत शिरून चक्क राज्य करून गेला, मग आणखी एक तोतया उगवला. (पानिपतानंतर आपल्याकडे सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता. गादी किंवा माणूस बेपत्ता झाला की तोतये येतातच.) शेवटी पोलिश फौज क्रेमलिनमध्ये मुक्कामाला बसली. मिनिन नावाचा व्यापारी आणि पोझार्स्की नावाचा सरदार यांनी लोकांची फौज उभारून १६१२ मध्ये तिला हाकललं.

नवा राजा निवडायला १६१३ च्या फेब्रुवारीत मोठी सभा भरली. तिने १६ वर्षांच्या मिखाईल रोमानोव्हला निवडलं. पोराच्या अंगात काही विशेष गुण दिसले म्हणून नव्हे. अनास्तासिया त्याच्या आजोबांची बहीण, म्हणजे जुन्या वंशाशी धागा होता. वय लहान, त्यामुळे कुणाशी वैर नाही. बाप फिलारेत पोलंडच्या कैदेत. त्याला गोदुनोव्हने आधीच जबरदस्तीने संन्यास घ्यायला लावलेला. सभेचे लोक कोस्त्रोमाजवळच्या इपातिएव्ह मठात पोचले तेव्हा पोराची आई मार्फा आधी नाहीच म्हणाली. मॉस्कोच्या लोकांनी इतक्या राजांना शपथा देऊन मोडल्या, त्यांच्या हाती मी माझं लेकरू कसं देऊ, असा तिचा सवाल. तासन्‌तास विनवण्या झाल्यावर तिने होकार दिला.

हे लक्षात ठेवावं. पहिला रोमानोव्ह राजा झाला तो सभेने बोलावलं म्हणून आणि आईने शेवटी पोराला सोडलं म्हणून.

पुढची शंभर वर्षं भराभर उरकतो, कारण आपल्या प्रकरणाशी त्यांचा संबंध थोडाच आहे. फिलारेत १६१९ मध्ये सुटून आला आणि मुलाच्या नावाने त्यानेच राज्य हाकलं. नातू अलेक्सेईच्या काळात १६४९ च्या कायद्याने कुळं जमिनीला कायमची बांधली गेली, आणि ते ओझं १८६१ पर्यंत राहिलं. मग आला पीटर. आरमार, नवी राजधानी, दाढ्यांवर कर, सगळं ठाऊक असलेलं. आपल्याला त्याच्या एकाच कामाशी मतलब आहे.

पीटरचा मुलगा अलेक्सेई बापाच्या सुधारणांच्या विरोधात होता. तो ऑस्ट्रियाच्या आश्रयाला पळाला, अभय देऊन परत आणला गेला, आणि १७१८ मध्ये पीटर-पॉल किल्ल्यात छळानंतर मेला. १७२२ मध्ये पीटरने फर्मान काढलं की थोरला मुलगा वारस ही चाल बंद, राजा म्हणेल तो वारस. आणि १७२५ मध्ये स्वतः कुणाचंच नाव न घेता गेला!

मग व्हायचं ते झालं. राजधानीतल्या गार्ड पलटणी ठरवतील तो राजा. ‘गारदी’ म्हटलं की मराठी वाचकाला फार समजवावं लागत नाही. ३७ वर्षांत सहा जण गादीवर येऊन गेले. त्यातला इव्हान सहावा तर दोन महिन्यांचा असताना सम्राट झाला, वर्षभरात पदच्युत झाला, कैदेतच वाढला आणि २३ व्या वर्षी, १७६४ मध्ये, श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात मारला गेला. पीटर तिसऱ्याला तर त्याच्या बायकोनेच खाली खेचलं. काही दिवसांत तो मेला आणि ती कॅथरिन दुसरी म्हणून ३४ वर्षं राज्य करत राहिली. काटेकोर बोलायचं तर सरळ पुरुषवंश १७३० मध्येच संपला होता. पीटर तिसऱ्यापासून पुढचा वंश पीटरच्या मुलीच्या बाजूने आलेला, निम्मा जर्मन.

पॉलचं कुलूप

कॅथरिनचा मुलगा पॉल बापाचा शेवट आणि आईची कारकीर्द बघत चाळिशी ओलांडून गेला, तेव्हा कुठे त्याला गादी मिळाली. लहरी, संशयी माणूस. पण एक गोष्ट त्याने जन्मभर डोक्यात घोळवली होती. ५ एप्रिल १७९७ ला, स्वतःच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, क्रेमलिनच्या उस्पेन्स्की कॅथेड्रलमध्ये त्याने वारसाचा कायदा वाचून दाखवला. मतलब असा की राज्याला वारस नाही असं कधी होऊ नये, वारस कायद्यानेच ठरलेला असावा, आणि कोण हा संशय तिळभरही उरू नये. थोरला मुलगा, त्याचा वंश. तो नसेल तर पुढचा भाऊ. बायका सगळ्या पुरुषांच्या मागे, म्हणजे सगळ्या शाखांतले सगळे पुरुष संपल्यावर. त्याने आईवर सूड उगवला असं म्हणतात ते यावरून. पॉल स्वतः चार वर्षांत, १८०१ च्या मार्चमध्ये, झोपायच्या खोलीत सरदारांच्या हातून मारला गेला. कायदा मात्र टिकला.

आणि चांगला टिकला. एकदाच गाडी रुळावरून घसरली ती १८२५ मध्ये. अलेक्झांडर पहिला निपुत्रिक गेला. मधला भाऊ कॉन्स्टंटाइन याने हक्क आधीच सोडला होता, पण तो कागद लखोट्यात बंद करून ठेवलेला. तीन आठवडे देश कॉन्स्टंटाइनच्या नावाने शपथा घेत राहिला आणि कॉन्स्टंटाइन वॉर्सात बसून ‘मी नाही’ म्हणत राहिला. त्या गोंधळात १४ डिसेंबरला सुमारे तीन हजार सैनिक सिनेट चौकात उभे राहिले. नव्या झारने, निकोलस पहिल्याने, तोफा डागून चौक मोकळा केला. कुलूप मजबूत होतं, किल्ली कुणाजवळ हे लपवलं होतं, एवढीच चूक.

पॉलने एक धरून चाललं होतं की मुलगा धडधाकट असेल. तसा नसला तर काय, याची सोय त्या कायद्यात नव्हती. स्वतःचा हक्क सोडता येत होता. दुसऱ्याचा, मग तो पोटचा मुलगा का असेना, सोडता येत नव्हता.

मुंबईहून माघारी गेलेला भाऊ

इथे आपल्या गावाचा एक खरा धागा सापडतो. १८९० च्या अखेरीस युवराज निकोलस पूर्वेच्या लांबलचक सफरीवर निघाला, ‘पाम्यात अझोवा’ या लढाऊ जहाजावरून. सोबत धाकटा भाऊ गिओर्गी. डिसेंबरात जहाज मुंबईला लागलं. निकोलस हिंदुस्थान बघायला आत गेला. गिओर्गी तापाने आणि छातीच्या दुखण्याने इतका खचला होता की त्याला मुंबईहूनच माघारी पाठवावं लागलं. पुढे क्षय निघाला. काकेशसमधल्या अबास्तुमानच्या हवेत तो काही वर्षं जगला आणि १८९९ मध्ये, २८ वर्षांचा असताना, गेला. त्या वेळी निकोलस झार होता, त्याला मुलीच होत होत्या, म्हणजे कायद्याने वारस गिओर्गीच होता. तो गेल्यावर नंबर आला सगळ्यात धाकट्या मिखाईलचा.

(त्याच सफरीत जपानच्या ओत्सू गावात एका पोलिसाने निकोलसच्या डोक्यात तलवार घातली. वाचला. १८९१ च्या वसंतात तो मेला असता तर झार झाला असता तो गिओर्गी, क्षयाने पोखरलेला.)

१९०० मध्ये निकोलस क्रिमियात विषमज्वराने पडला. त्याला काही झालं तर पुढे काय, यावर मंत्र्यांची कुजबुज सुरू झाली. राणी अलेक्झांड्रा तेव्हा गरोदर. पोटात मुलगा असेल, थांबा, असं तिचं म्हणणं. मंत्री म्हणाले, कायदा मिखाईलचं नाव सांगतो. निकोलस बरा झाला, मूल झालं, आणि ती चौथी मुलगी निघाली, अनास्तासिया. राणीवर या काळात काय दडपण असेल याचा अंदाज मुलासाठी नवस बोलणाऱ्या आपल्या घरांतून आलेल्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

१९०४ च्या जुलैत अखेर मुलगा झाला. अलेक्सेई. तोफांच्या सलामी झाल्या. सहाएक आठवड्यांनी बाळाच्या बेंबीतून रक्त येऊ लागलं आणि थांबेना. हिमोफिलिया. रक्त न गोठण्याचा, राणीच्या आजीकडून, इंग्लंडच्या व्हिक्टोरियाकडून, आलेला आजार, जो बायका वाहतात आणि मुलगे भोगतात.

घराण्याने इथे जो निर्णय घेतला तो मला प्स्कोव्हच्या सहीपेक्षाही मोठा वाटतो. आजार गुप्त ठेवला. गादीचा एकुलता एक वारस कधीही दगावू शकतो हे देशाला कळता कामा नये. म्हणून मग सायबेरियातला एक अर्धशिक्षित शेतकरी राजवाड्यात का येतो हेही सांगता येईना. आईला वाटायचं की रास्पुतिनच्या प्रार्थनेने रक्त थांबतं. लोकांना दिसायचं की राणीच्या दालनात एक दाढीवाला माणूस शिरतो. मधली ओळच गाळलेली असल्यावर लोकांनी ती आपापल्या मनाने भरली, आणि अशा वेळी लोक काय भरतात ते काही विशेष वाखाणण्यासारखं नसतं.

१९१२ च्या शरदात पोलंडमधल्या स्पावा इथल्या शिकारी बंगल्यावर अलेक्सेईच्या मांडीत रक्त साचलं. आठ वर्षांचा मुलगा दिवसरात्र किंचाळत होता. शेवटचे संस्कारही झाले. मग तो वाचला. पण त्या दिवसांत व्हिएन्नात आणखी एक गोष्ट घडली. काका मिखाईलने तिथल्या सर्बियन चर्चमध्ये गुपचूप लग्न केलं, दोनदा घटस्फोट झालेल्या नतालियाशी. तिचा आधीचा नवरा मिखाईलच्याच पलटणीतला अधिकारी. भावाला शब्द दिला होता की असं करणार नाही. मग अत्ताच का? आईला पत्रात त्याने लिहिलं ते कारण साधं होतं: छोटा इतका आजारी आहे, त्याला काही झालं तर मी पुन्हा वारस होईन आणि मग हे लग्न मला कुणी करू देणार नाही. निकोलस भडकला. मिखाईलला देशाबाहेर ठेवलं, मालमत्तेवर देखरेख बसवली. युद्ध सुरू झाल्यावरच त्याला परत येऊ दिलं.

गादी चालून येईल या भीतीने ज्याने लग्नाची घाई केली, त्याच भावाला साडेचार वर्षांनी निकोलस न विचारता गादी देणार होता.

१९१३ मध्ये घराण्याला ३०० वर्षं झाली. झारचा जवाहिऱ्या फाबेर्झे याने त्यासाठी जे रत्नजडित अंडं घडवलं त्यावर १८ रोमानोव्ह राजा-राण्यांची बोटभर चित्रं आहेत. मॉस्कोच्या मिरवणुकीत चित्रातल्या पूर्वजांचा वारस, आठ वर्षांचा अलेक्सेई, एका कॉसॅकच्या कडेवर होता. पाय अजून सरळ होत नव्हता. बघणाऱ्यांना कारण ठाऊक नव्हतं.

प्स्कोव्ह, दुपार

१९१५ मध्ये निकोलसने सैन्याची सूत्रं स्वतःकडे घेतली आणि तो मोगिलेव्हच्या तळावर राहायला गेला. राजधानी राणीच्या भरवशावर. २३ फेब्रुवारी १९१७ ला पेत्रोग्राडमधल्या बायका भाकरीसाठी रस्त्यावर आल्या, कारखाने बंद पडले, २६ ला गोळीबार झाला, २७ ला वोलिन्स्की पलटणीने बंड केलं. झार २८ च्या पहाटे घरी निघाला, पण पुढचे रूळ बंडखोरांच्या ताब्यात म्हणून गाडी मालाया विशेराहून फिरली आणि १ मार्चच्या संध्याकाळी प्स्कोव्हला आली, जनरल रुझ्स्कीच्या मुख्यालयात.

२ तारखेच्या सकाळी सरसेनापतीचा प्रमुख सहायक अलेक्सेयेव्ह याने सगळ्या आघाड्यांच्या सेनापतींना तारा केल्या. दुपारपर्यंत उत्तरं आली. झारचा चुलत काका निकोलाय निकोलायेविच, ब्रुसिलोव्ह, एव्हर्ट, साखारोव्ह, सगळ्यांचा सूर एकच: सोडा. झारने तारा वाचल्या, छातीवर क्रूस केला आणि होकार दिला. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं की गादी मुलाला, मात्र सज्ञान होईपर्यंत तो माझ्याजवळ राहील.

मग त्याने फ्योदोरोव्हला बोलावलं, अलेक्सेईवर उपचार करणाऱ्या शल्यविशारदाला. खरं सांगा, मुलगा बरा होईल का? डॉक्टर म्हणाला, हा आजार जात नाही. सांभाळलं तर जगेल, पण कधी काय होईल सांगता येत नाही. शिवाय पदच्युत बापाजवळ नव्या राजाला कोण राहू देईल, हेही त्याने बोलून दाखवलं. १२ वर्षं लपवलेली गोष्ट निर्णयाच्या खोलीत शिरली ती अशी.

१६१३ मध्ये मार्फाने लेकरू सोडलं होतं. निकोलसने नाही सोडलं. बाप म्हणून त्याला दोष देणं मला जड जातं. पण राजा म्हणून त्याने आपल्या पणजोबाच्या बापाचा कायदा मोडला, आणि तो मोडताना वाचवायला आलेल्यांच्या हातातलं एकमेव पान काढून घेतलं. अलेक्सेई म्हणजे असा वारस की ज्याच्यावर कुणाचा राग नव्हता. १६१३ च्या मिखाईलसारखाच. त्याने घराणं वाचलं असतं का? बहुधा नाही. त्याच दुपारी राजधानीत बनलेल्या हंगामी सरकारचा परराष्ट्रमंत्री मिल्युकोव्ह याने अलेक्सेईचं नाव घेतलं तेव्हा गर्दीने ओरडून विरोध केला होता. पण अल्पवयीन मुलाला राजीनामा देता आला नसता, आणि त्याच्या वतीने दुसऱ्या कुणालाही नाही. गादी अशी कागदावर संपली नसती.

त्या रात्री निकोलसने डायरीत लिहिलं, “सगळीकडे गद्दारी, भ्याडपणा आणि फसवणूक.”

मिल्योन्नाया रस्ता, घर क्रमांक १२

३ मार्चच्या सकाळी मिखाईल हिवाळी राजवाड्याजवळच्या या घरात, राजकन्या पुत्यातिनाच्या फ्लॅटमध्ये, आसऱ्याला होता. आपण सम्राट झालो हे त्याला हंगामी सरकारचा न्यायमंत्री केरेन्स्की याच्या फोनवरून कळलं. भावाने ‘सम्राट मिखाईल’ असा मायना घालून, आधी कळवलं नाही म्हणून माफी मागणारी तार वाटेतल्या स्टेशनवरून केली, पण तोवर गाडी निघून गेली होती, सगळ्याच अर्थाने.

हंगामी सरकारचे मंत्री जमले. मिल्युकोव्ह घसा बसेपर्यंत सांगत राहिला की राजाशिवाय हे सरकार तरणार नाही. केरेन्स्की म्हणाला, स्वीकारलंत तर जिवाची हमी नाही. मिखाईलने पंतप्रधान ल्वोव्ह आणि दुमाचा अध्यक्ष रोद्झ्यांको यांना बाजूला घेतलं. संरक्षण देता येईल का? रोद्झ्यांको म्हणाला, नाही.

मसुदा लिहायला दोन कायदेपंडित बोलावले, नाबोकोव्ह (पुढे गाजलेल्या कादंबरीकाराचे वडील) आणि बॅरन नोल्डे. दोघं घरातल्या मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत, तिच्या शाळेच्या बाकावर बसले. खरी अडचण त्यांना तिथे उलगडली. मुलाच्या वतीने सोडलेली गादी कायद्यात बसत नाही, म्हणजे मिखाईल सम्राट झालाच नाही. मग नसलेली गादी हा सोडतो तरी कशी? त्यांनी वाट काढली ती अशी: सोडतो म्हणायचंच नाही. सगळ्या देशाने मतदानाने निवडलेली संविधान सभा देईल तरच घेईन, तोवर हंगामी सरकारचं ऐका. ‘आम्ही’ नाही, ‘मी’. ‘आज्ञा’ नाही, ‘विनंती’. संध्याकाळी सहाच्या सुमारास सही झाली.

पहिल्या मिखाईलला सभेने बोलावलं होतं, शेवटच्या मिखाईलनेही तेच मागितलं. ती सभा १९१८ च्या जानेवारीत एकदाच भरली आणि बोल्शेविकांनी ती उधळली. राजाचा विषय तिथे कुणाच्या कामाचा नव्हता. प्रजासत्ताक केरेन्स्कीने आधीच, सप्टेंबरात, जाहीर करून टाकलं होतं. मिखाईलने काय केलं हे कळल्यावर निकोलसने डायरीत वैतागून लिहिलं की असला गलिच्छ कागद सही करायला त्याला कुणी सुचवला, देव जाणे.

मिखाईलला १९१८ च्या जूनमध्ये पेर्मजवळच्या जंगलात गोळी घातली. त्याचा देह सापडलाच नाही. निकोलस, अलेक्झांड्रा, चार मुली, अलेक्सेई आणि सोबतची चार माणसं १६-१७ जुलैच्या रात्री येकातेरिनबुर्गच्या इपातिएव्ह बंगल्याच्या तळघरात मारली गेली. कोस्त्रोमाचा मठ इपातिएव्ह आणि हा बंगलाही इपातिएव्हच, हा योगायोग सांगितल्याशिवाय रोमानोव्हांवरचा लेख पुरा होत नाही म्हणून सांगितला. त्यातून कळत काहीच नाही.

१९९१ मध्ये उकरलेल्या खड्ड्यात नऊ जणांच्या अस्थी मिळाल्या. १७ जुलै १९९८ ला त्यांचं पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल कॅथेड्रलमध्ये, इतर झारांच्या शेजारी दफन झालं. अलेक्सेई आणि एक बहीण त्यात नव्हते. त्यांच्या हाडांचे जळके तुकडे २००७ मध्ये थोड्या अंतरावर सापडले आणि डीएनए तपासणीत ओळख पटली. चर्चला आणखी खात्री हवी होती. ते तुकडे बरीच वर्षं सरकारी दप्तरखान्याच्या कपाटात राहिले आणि २०१५ मध्ये मॉस्कोच्या नोवोस्पास्की मठाकडे सोपवले गेले. रोमानोव्ह अजून राजे झाले नव्हते, साधे सरदार होते, तेव्हा ते आपली माणसं याच मठात पुरत असत.